न्हाणीघरातील पांढरे डाग

न्हाणीघरात नवा शॉवर बसवून वर्षही उलटत नाही, तोच त्याची काही छिद्रे बुजतात, उरलेल्यांतून पाणी भिंतीकडे तिरपे उडू लागते आणि झळाळत्या तोट्यांवर पांढुरके ठिपके कायमचा मुक्काम ठोकतात. मग गृहिणी मोलकरणीला बोल लावते, मोलकरीण पाण्याला, आणि या तंट्यात बाजू बहुधा मोलकरणीचीच खरी असते.

जमिनीत मुरलेले पाणी खडकाच्या भेगांतून विहिरीत वा बोअरमध्ये उतरताना वाटेत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळवून घेते. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्याचे काठिण्य लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत ग्राह्य व अन्य सोय नसल्यास 600 पर्यंत चालवून घेण्याजोगे मानतात; बोअरचे पाणी यांतील पहिली मर्यादा अनेक ठिकाणी सहज ओलांडते. तानसा-भातसाच्या पाण्यावर नांदणाऱ्या मुंबईकराला या उपद्रवाची झळ फारशी लागत नाही. टँकर आणि बोअर यांवर विसंबलेल्या वसाहतींत मात्र तो पाचवीलाच पुजलेला.

टाइलवर राहिलेला थेंब सुकताना नीट पाहावा. पाणी उडून जाते, त्यातील बायकार्बोनेट कर्बवायू सोडून अविद्राव्य कार्बोनेटाचे रूप घेते, आणि थेंबाच्या कडेशी बाष्पीभवन अधिक वेगाने होत असल्यामुळे तेथे नखाला खरखरीत लागणारे एक कडे उमटते. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरे कडे. त्यात साबणाची भर पडली, की कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन जो करडा, चिकट साका तयार होतो, तो तर धूळही धरून ठेवतो.

तेव्हा खरा बंदोबस्त डाग पडल्यानंतर नव्हे, तर थेंब सुकण्यापूर्वी करावयाचा. शेवटी स्नान करणाऱ्याने रबरी वायपर भिंतीवरून व काचेवरून वरून खाली ओढावा, तोट्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि खिडकी उघडी ठेवावी. महागड्या द्रावणांच्या जाहिरातींपेक्षा या दोन मिनिटांवर माझा भरवसा अधिक आहे.

जुन्या डागांना सौम्य आम्लच लागू पडते. समभाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरात भिजविलेले फडके अर्धा तास टाइलवर चिकटवून ठेवावे, मग घासून भरपूर पाण्याने धुवावे. शॉवरचे तोंड काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात बुडविले, की छिद्रांतून बारीक बुडबुडे निघू लागतात. कार्बोनेट विरघळून कर्बवायू सुटत असल्याची ती खूण. बुडबुडे थांबल्यावर जुना टूथब्रश फिरवावा. परंतु शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर यांच्याजवळ हा प्रयोग सर्वथा वर्ज्य, कारण जे द्रव्य डागात, तेच या दगडांत आहे, आणि आम्लाला दोहोंतला भेद कळत नाही. तेथे साबणाचे पाणी व वायपर एवढ्यावरच भागवावे.

राहता राहिले दुकानात बाटलीतून मिळणारे तीव्र ॲसिड. ते डागाबरोबर टाइलांच्या सांध्यांतील सिमेंट खाते, तोटीचा मुलामा उतरविते, आणि ब्लीचिंग पावडरीशी त्याचा संबंध आला, तर बंद न्हाणीघरात क्लोरीनचा विषारी वायू कोंडतो. ज्या घरांत आजही या दोन्ही वस्तू एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या असतील, त्यांनी त्या आजच वेगळ्या कराव्यात, ही विनंती.