भुंकणाऱ्या पिल्लाला वळण कसे लावावे

गोव्यातील गावांत पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की वाड्यावरची कुत्री जागी होतात. त्यांत एखादे तीन महिन्यांचे पिल्लू असले तर पोदेर दृष्टिआड होईपर्यंत त्याचे भुंकणे थांबत नाही. आरंभी घरच्या मंडळींना त्याचे कौतुक वाटते. “आतापासूनच राखण करू लागले,” असे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितले जाते. पुढे चार-सहा महिन्यांनी तेच भुंकणे असह्य होऊ लागते. परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, रात्रपाळीहून परतलेला कामगार, आजारी वृद्ध अशा सर्वांना त्याचा उपद्रव होतो. शेजाऱ्यांत बोलाचाली होऊन तक्रार पंचायतीपर्यंत जाते. कधी कधी याचा शेवट असा होतो की, ते जनावर गोणीत घालून दूरच्या बाजारात किंवा समुद्रकिनारी सोडून दिले जाते. मोकाट कुत्र्यांत आणखी एकाची भर पडते. ज्या सवयीपायी त्याच्यावर ही वेळ येते, ती सवय मात्र बहुतेक वेळा घरानेच नकळत लावलेली असते.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी म्हण आहे. शेपटाच्या बाबतीत ती खरी असेल. सवयीच्या बाबतीत मात्र ती खरी नाही. योग्य वयात, योग्य रीतीने शिकविलेले पिल्लू वेळेवर भुंकण्यास आणि सांगताच थांबण्यास निश्चितपणे शिकते.

भुंकण्याची कारणे

कुत्र्याचा पूर्वज जो लांडगा, तो प्रौढपणी क्वचितच भुंकतो. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहिलेल्या कुत्र्यात मात्र भुंकण्याची प्रवृत्ती वाढली. त्यामुळे भुंकणे हा त्याचा स्वभावधर्म असून ते संपूर्णपणे बंद पाडणे शक्य नाही व इष्टही नाही. अपरात्री अंगणात शिरलेल्या परक्या माणसाची अथवा सापाची सूचना घराला त्यातूनच मिळते.

पिल्लू भुंकते त्यामागे बहुधा पुढीलपैकी एखादे कारण असते : भूक, लघवीची निकड, भीती, एकटेपणा, खेळण्याची इच्छा, अथवा आपल्याकडे कोणी पाहावे ही अपेक्षा. कारणानुसार उपाय बदलतो. यासाठी पिल्लू कोणत्या वेळी, कशाकडे पाहून व किती वेळ भुंकते याची आठवडाभर नोंद ठेवावी. शाळेत जाणाऱ्या मुलांकडे हे काम सोपविल्यास ती ते आवडीने करतात. निम्मे उत्तर या नोंदीतच सापडते.

सवय कशी जडते

ज्या कृतीपासून लाभ होतो ती कृती प्राणी पुनःपुन्हा करतो, हे शिक्षणाचे मूळ तत्त्व होय. पोदेराचेच उदाहरण घ्यावे. पोदेर येतो, पिल्लू भुंकते आणि थोड्या वेळाने पोदेर निघून जातो. तो पाव देऊन पुढच्या घरी गेला हे पिल्लाला कळत नाही. आपण भुंकलो म्हणून तो पळाला, असाच त्याचा समज होतो. हा अनुभव रोज सकाळी येत असल्याने तो समज दृढ होत जातो. टपालवाला आणि मासे विकणारी बाई यांच्या बाबतीतही हेच घडते.

घरातही हाच प्रकार असतो. सर्वजण जेवावयास बसले असता पिल्लू भुंकते. ते गप्प व्हावे म्हणून कोणीतरी पोळीचा तुकडा टाकतो. त्या क्षणी पिल्लू गप्प होते खरे, परंतु भुंकल्याने पोळी मिळते हा धडाही ते शिकते. त्याच्यावर ओरडणे हादेखील त्याच्या दृष्टीने एक लाभच ठरू शकतो, कारण त्यामुळे घरातील माणसाचे लक्ष त्याच्याकडे वळते.

अशा भुंकण्यावर उपाय म्हणजे त्याकडे पूर्ण दुर्लक्ष करणे. त्याच्याकडे पाहू नये, बोलू नये, हात लावू नये. ते गप्प होताच मात्र लगेच जवळ घ्यावे. पहिले काही दिवस भुंकणे कमी होण्याऐवजी वाढते. नेहमीचा उपाय लागू पडत नाही असे पाहून पिल्लू अधिक जोर लावते. बहुतेक कुटुंबे नेमकी येथेच हार मानतात. नऊ वेळा दुर्लक्ष करून दहाव्या वेळी तुकडा टाकला, तर दहा वेळा भुंकावे लागते एवढेच पिल्लू शिकते. म्हणून घरातील सर्वांनी एकच नियम पाळणे अत्यावश्यक आहे. भूक, तहान अथवा लघवीची निकड यांसाठी पिल्लू भुंकत असेल तेव्हा मात्र हा उपाय योजू नये. ती गरज भागवावी.

‘पुरे’ शिकविण्याची रीत

थांबण्याची आज्ञा म्हणून एकच शब्द ठरवावा. आजी ‘ओगी’ म्हणते, वडील ‘गप’ म्हणतात आणि मुले ‘स्टॉप’ म्हणतात, अशा घरातील पिल्लाला कोणताच शब्द कळत नाही. ‘पुरे’ हा शब्द ठरविला तर सर्वांनी तोच वापरावा.

पिल्लू दोन-तीनदा भुंकले की शांत स्वरात एकदाच ‘पुरे’ म्हणावे आणि खाण्याचा बारीकसा तुकडा त्याच्या नाकाजवळ धरावा. वास घेण्यासाठी ते भुंकणे थांबविते. दोन सेकंद शांत राहिले की तुकडा द्यावा. पुढे हा अवधी पाच, दहा, वीस सेकंद असा वाढवीत न्यावा. हळूहळू दर वेळी तुकडा न देता कधी तुकडा, कधी नुसती पाठीवरून थाप द्यावी. उकडलेल्या कोंबडीचा अथवा पोळीचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरेसा होतो. कांदा, मनुका व चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला अपायकारक असल्याने कधीही देऊ नयेत. एका वेळी पाच मिनिटे, याप्रमाणे दिवसातून दोन-तीनदा शिकवावे. पिल्लाचे लक्ष याहून अधिक काळ टिकत नाही.

परक्यांची व आवाजांची भीती

पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. अमेरिकेत स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वर्तनाचा अनेक वर्षे अभ्यास करून 1965 मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. या कोवळ्या वयातील अनुभव जन्मभराच्या स्वभावावर परिणाम करतात, हे त्यांनी दाखवून दिले. या काळात पिल्लाला छत्री घेतलेला माणूस, सायकल, गाई-म्हशी, मुलांचा गलका यांची सौम्य ओळख करून द्यावी. लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर न सोडता उचलून न्यावे. किमान आठ आठवडे पिल्लाला आईपासून तोडू नये.

पोदेराच्या भोंग्याची सवय अशीच लावता येते. भोंगा दूरवर असतानाच, पिल्लू भुंकण्यापूर्वी, त्याला एक-दोन तुकडे द्यावेत. काही दिवसांनी भोंगा ऐकताच ते भुंकण्याऐवजी मालकाकडे पाहू लागते. मग रोज थोडे पुढे, आधी पडवीत, नंतर अंगणात व शेवटी फाटकापाशी हाच पाठ द्यावा. नरकासुराच्या रात्रीचे फटाके व कर्णकर्कश संगीत यांना मात्र हा उपाय एकाएकी लागू पडत नाही. त्या रात्री पिल्लाला आतल्या खोलीत माणसांच्या सोबतीने ठेवावे.

एकटेपणाचे भुंकणे

आईपासून नुकतेच तोडलेले पिल्लू रात्री भुंकते किंवा विव्हळते ते हट्टाने नव्हे. पहिले काही आठवडे त्याचे अंथरूण माणसांच्या जवळ असावे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला रात्रभर लघवी रोखता येत नाही, म्हणून मध्यरात्री एकदा त्याला बाहेर न्यावे. दिवसा एकटे राहण्याची सवय क्रमाने लावावी : प्रथम एक मिनिट, नंतर पाच, पुढे अर्धा तास. परतल्यावर ते शांत असतानाच त्याच्याजवळ जावे.

दिवसभर आखूड साखळीने बांधलेले कुत्रे हे अति भुंकण्याचे सर्वांत सर्रास आढळणारे उदाहरण आहे. त्याला पळता येत नाही, वास घेता येत नाही; भुंकणे एवढीच गोष्ट त्याच्या हाती उरते. सकाळ-संध्याकाळ फिरविणे व खेळविणे हाच येथे खरा उपाय होय.

मारहाण का करू नये

काठी उगारल्याने पिल्लू त्या वेळेपुरते गप्प होते, पण भुंकण्यामागील भीती दुणावते. पोदेर येताच मार मिळतो असे कळल्यावर पोदेराविषयीचा त्याचा राग वाढतो. गुरगुरणे ही चावण्यापूर्वीची सूचना असते. गुरगुरल्याबद्दल मारल्यास ते ही सूचना देण्याचे सोडते व पुढे सरळ चावते. तोंड दोरीने बांधणे हे तर प्राणघातक ठरू शकते. कुत्रा धापा टाकून शरीराची उष्णता बाहेर टाकतो. तोंड बांधल्यावर त्याला तसे करता येत नाही.

आजाराची शक्यता

शांत असणारे पिल्लू अचानक अखंड भुंकू लागल्यास कानाचे दुखणे, जंत अथवा जखम यांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची तपासणी करून घ्यावी. आवाज बदलून घोगरा झाला असेल, लाळ गळत असेल, स्वभाव एकदम पालटला असेल, तर रेबीजची शंका घेऊन त्याच्यापासून दूर राहावे, तोंडात हात घालू नये आणि पशुवैद्यास तत्काळ कळवावे. लहान पिल्लांनाही रेबीज होतो. पिल्लू चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब आरोग्य केंद्रात जावे. पिल्लू तीन महिन्यांचे होताच त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढील मात्रा पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्यात.

कायदा आणि कर्तव्य

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा देशात 1960 पासून आहे. त्याच्या कलम 11 नुसार प्राण्याला मारहाण करणे, अवाजवी आखूड अथवा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे, नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरविणे आणि प्राण्याला सबळ कारणाविना उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे, हे गुन्हे ठरतात. भुंकण्याच्या तक्रारीची चौकशी करताना पंचायतीने प्रथम साखळीची लांबी पाहावी, हे उचित होय. शिक्षकांनीही बांधलेल्या कुत्र्याला खडे मारण्याचा खेळ कसा अंगलट येतो, हे मुलांना समजावून सांगावे.

पिल्लाला वळण लावण्यास काही आठवड्यांचा संयम आणि दिवसाची पंधरा मिनिटे पुरतात. एवढे केले की पहाटे भोंगा वाजताच ते दोनदा भुंकेल, ‘पुरे’ ऐकून थांबेल आणि पोदेर पाव देऊन निर्धास्तपणे पुढच्या घरी जाईल.