पहिला बीम

लष्कराच्या अग्निवीर जनरल ड्यूटी भरतीच्या मैदानी चाचणीत 10 बीमला 40 गुण मिळतात, 6 बीमला 16. बारला लटकून हनुवटी बारच्या वर नेली की एक बीम. त्याखाली राहिलेला मुलगा बाद. म्हणून सातारा-सांगलीकडे पहाटे बारला लोंबकळणारी पोरं दिसतात. रानात राबलेला, पळण्यात तरबेज मुलगाही सुरुवातीला नुसता लटकतो. पाय झाडतो, मान ताणतो, पण कोपर वाकत नाही. त्याच्यात दम कमी नसतो. अख्खं अंग वर ओढायची पाठीला सवय नसते.

अशा मुलाला मी आधी कमरेएवढ्या बारखाली आडवं करतो. टाचा जमिनीवर, अंग फळीसारखं ताठ, आणि छाती बारपर्यंत न्यायची. याला इनव्हर्टेड रो म्हणतात. काही वजन टाचा पेलतात. जड गेलं तर बार उंच घ्यायचा. अंग जितकं उभं, तितकं काम हलकं. खांद्याची पाती मागे खेचायची सवय इथेच लागते. पण ही ओढ आडवी आहे. पंधरा रो सहज मारणाराही उंच बारवर अडकतो, कारण तिथे हात डोक्यावर असतात आणि टाचांचा आधार नसतो.

तिथे निगेटिव्हला पर्याय नाही. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर घ्यायची, पाय सोडायचे आणि चार-पाच सेकंद घेत उतरायचं. स्नायूला जे वजन उचलवत नाही, ते सावकाश उतरवता येतं. नीट पाहिलं तर बहुतेक जण निम्म्यापर्यंत छान उतरतात, मग एकदम सुटतात. कच्ची जागा तीच; तिथेच क्षणभर थांबायला शिकवावं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंड आणि पाठ सडकून दुखतात, त्यामुळे सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, चार-पाच निगेटिव्ह पुरेत.

बारला बांधून पाय अडकवायच्या रबरी पट्ट्यावर माझा फारसा भरवसा नाही. तो खाली सर्वांत जास्त ताणलेला असतो, म्हणून मदतही तिथेच करतो. हनुवटी वर न्यायच्या वेळी ढिला पडतो.

पहिला बीम तळवे स्वतःकडे करून मारावा. या चिनअपमध्ये बायसेप जास्त हातभार लावतो, म्हणून नवख्याला तो लवकर जमतो. तळवे पुढे करून मारायचे पुलअप त्यानंतर घ्यावेत.

तेव्हा पोरांनो, रो आणि निगेटिव्ह दोन्ही करा. आणि हात पूर्ण सरळ न करता, झटका देऊन मारलेला बीम सरावातसुद्धा मोजू नका.