दाब आहे तोवर दम आहे

जुन्या ॲम्बॅसडरचे १४८९ सी.सी.चे डिझेल इंजिन बांधायला काढले, की पगारदार मालकाच्या पोटात गोळा येतो. हा खर्च थांबणार कुठे? वाचकहो, उत्तर इंजिनाच्या स्वभावातच आहे. पेट्रोलला ठिणगी लागते; डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. दाब गेला की दम गेला! म्हणून पहिला पैसा मोजमापावर घालावा. बोअर शाबूत असेल, तर नव्या रिंगांवर भागते; तो झिजून वेडावाकडा झाला असेल, तर रिंगा बदलूनही इंजिन तेल पितच राहते. खोलणे, धुणे, काजळी खरवडणे घरी जमते. पंप आणि नॉझल मात्र जाणकाराकडेच तपासावेत. रंगरंगोटी पुढल्या दिवाळीला! या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. पण दुरुस्त होणारी वस्तू भंगारात घालण्यात कसली आली आहे श्रीमंती?