पिंगुळीची पोथी आणि ग्रीकांचे घट

पुराणकथेतील पात्राने तोंडून शब्द काढण्यापूर्वीच त्याच्या वेशाने त्याची ओळख पटवून द्यावी, हा दंडक इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील ग्रीक घटचित्रकारांनी जितक्या कसोशीने पाळला, तितक्याच कसोशीने तो कुडाळनजीकच्या पिंगुळी गावच्या ठाकर चित्रकथींनीही पाळला आहे. आणि म्हणूनच ग्रीक दैवतकथेवर ॲनिमेशनपट रचू पाहणाऱ्या आपल्याकडील तरुण कलावंताने या दोन्ही परंपरा शेजारी शेजारी ठेवून अभ्यासाव्यात, असे मला मनापासून वाटते.

ग्रीक घटावर हेराक्लीस ओळखावा तो सिंहचर्मावरून, ज्याचा उघडा जबडाच त्याचे शिरस्त्राण होतो. अथीना शिरस्त्राण आणि भाल्यावरून, हर्मीस पंख लावलेल्या पादत्राणांवरून. कृष्णाकृती घटांवर तर पुरुष काळे आणि स्त्रिया शुभ्रवर्णी, असा भेद रंगानेच केलेला असतो. डिस्नेच्या 1997 सालच्या ‘हर्क्युलिस’साठी पात्ररेखनाची मूळ दिशा ब्रिटिश व्यंगचित्रकार जेराल्ड स्कार्फ यांनी दिली, तेव्हा या घटांची वळणदार रेषाही त्या चित्रपटात उतरली.

आता आपल्या मुलखाकडे वळावे. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने वाढलेल्या चित्रकथीत एका आख्यानाची चित्रे मिळून एक पोथी होते. कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात, आणि वाद्यांच्या साथीने कथा गात गात कथेकरी एकामागून एक चित्र श्रोत्यांपुढे धरतो. बाजूने दिसणारा चेहरा, त्यात विस्फारलेला टपोरा डोळा, ठसठशीत बाह्यरेषा, सपाट रंग आणि जवळजवळ मोकळी पार्श्वभूमी, ही त्या चित्रांची लक्षणे. त्याच प्रदेशातील दशावतारात काळा पायघोळ वेश आणि लोंबती लाल जीभ घेऊन संकासुर आला, की वेद चोरणारा दैत्य तो हाच, हे लहान मुलालाही सांगावे लागत नाही.

ॲनिमेशनमध्ये पडद्यावरच्या एका सेकंदाला सामान्यतः 24 चौकटी लागतात. तेव्हा हाताने रेखाटताना मुकुटावरचा एकेक मणी आणि उत्तरीयाची एकेक चुणी पुनःपुन्हा काढण्याचे श्रम ध्यानात घेतले, म्हणजे मोजक्या खुणांत पात्र उभे करणाऱ्या पिंगुळीच्या रेषेचे मोल समजते. आपल्या कित्येक पौराणिक ॲनिमेशनपटांत देवांना परदेशी मल्लांचे देह आणि चकचकीत दागिने चढवले जातात, याचे मला दुःख होते. कारण अशा अलंकरणाने पात्र सजते, पण ओळखू येत नाही.

पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, आणि त्यांनी उभारलेल्या ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या संग्रहालयात चित्रकथी व बाहुल्या पाहावयास मिळतात. हेराक्लीसचा असो वा अर्जुनाचा, पहिला आराखडा कागदावर उतरवण्यापूर्वी ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यांनी तेथे अवश्य जावे, आणि पोथी नुसती पाहून परतू नये. ती गायली जाताना ऐकावी.