फिशिंग : कर्मचाऱ्यांनी ओळखायचा सापळा

बँक, वरिष्ठ अधिकारी किंवा पुरवठादार यांचे सोंग घेऊन पासवर्ड वा पैसे काढून घेणाऱ्या ईमेलला ‘फिशिंग’ म्हणतात. एसएमएसवरून घडल्यास ते ‘स्मिशिंग’, फोनवरून ‘विशिंग’, आणि एकाच व्यक्तीची माहिती काढून तिच्यावर नेम धरल्यास ‘स्पिअर फिशिंग’ होते.

प्रशिक्षणातील सर्वांत मोलाची सवय पडताळणीची : खाते क्रमांक बदलल्याचा ईमेल आल्यास त्यात दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर कार्यालयात आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी.

‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार फिशिंगसह ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे संस्थांना बंधनकारक असल्याने, चुकून लिंक उघडणाऱ्याने ते लपवू नये.

आर्थिक सायबर फसवणुकीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन : १९३०.