अ‍ॅम्प्लिफायर मुका का राहतो?

घरी जोडलेला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर पहिल्याच प्रयत्नात नीट वाजला, असे क्वचितच घडते. स्पीकर गप्प राहतो किंवा नुसताच घुमतो आणि हौशी कारागिराचा पहिला संशय ट्रान्झिस्टरवर जातो. तो उपसून दुसरा बसवला जातो, मग तिसरा. वारंवार तापवल्याने छापील पट्टीवरचे तांबे सुटते आणि मूळचा किरकोळ दोष दुरुस्तीपलीकडे जातो. वास्तविक अशा वेळी हाती आधी मल्टिमीटर घ्यावयास हवा.

ध्वनीचा संकेत वाढवण्यापूर्वी ट्रान्झिस्टरला योग्य स्थिर व्होल्टेज मिळावे लागते. ते बिघडलेले असताना आवाजाचा शोध घेणे व्यर्थ होय. बीसी ५४७ वापरलेल्या नेहमीच्या पहिल्या टप्प्याचे उदाहरण घेऊ. बॅटरी ९ व्होल्टची, बेसला वरून ४७ व खालून १० किलोओहमचे रेझिस्टर, कलेक्टरला ४.७ आणि एमिटरला १ किलोओहम. गणिताने बेसवर सुमारे १.५ व्होल्ट येतात. बेस आणि एमिटर यांत ०.६ ते ०.७ व्होल्टचा फरक असतो, म्हणून एमिटरवर ०.९ च्या आसपास. म्हणजे प्रवाह सुमारे ०.९ मिलिअँपिअर आणि कलेक्टरवर साडेचार व्होल्ट, पुरवठ्याच्या जवळपास निम्मे. संकेताला वर-खाली होण्यास सारखीच जागा मिळावी, यासाठी ही योजना.

मल्टिमीटरचे काळे टोक ऋण तारेला जोडून लाल टोक प्रत्येक पायावर टेकवावे. कलेक्टरवर पूर्ण ९ व्होल्ट दिसले तर ट्रान्झिस्टरमधून प्रवाहच वाहत नाही. बेसचा वरचा रेझिस्टर किंवा एमिटरचा सांधा तपासावा. कलेक्टर आणि एमिटर यांत जेमतेम ०.१-०.२ व्होल्ट उरले असतील, तर बेसला जास्त प्रवाह मिळतो आहे. बहुधा खालच्या रेझिस्टरचा डाख कच्चा असतो. वरून चकचकीत दिसणारा डाखही आत सुटा असू शकतो, म्हणून टोक पट्टीवर न टेकवता थेट पायावर टेकवावे. बेसवर दीड व्होल्ट असून एमिटर शून्यावर आणि सांधे पक्के, असे आढळले तरच ट्रान्झिस्टरला दोष द्यावा.

पायांच्या क्रमाने तर अनेकांना चकवले आहे. सपाट बाजू समोर व पाय खाली धरल्यास बीसी ५४७ चा क्रम डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा असतो. २एन ३९०४ चा नेमका उलट. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर पुरता बंद पडत नाही, अत्यंत क्षीणपणे चालतो आणि त्यामुळेच दिशाभूल होते.

सर्व व्होल्टेज बरोबर असूनही आवाज क्षीण असेल, तर एमिटरच्या रेझिस्टरला समांतर असलेला कपॅसिटर पाहावा. तो सुटला की स्थिर व्होल्टेज तसेच राहते, पण प्रवर्धन शंभराहून अधिक पटींवरून पाचाच्या खाली येते.

घुमण्याचे कारण निराळे. विजेवर चालणारे मंडल बॅटरीवर जोडून पाहावे. घुमणे थांबल्यास दोष पॉवर सप्लायच्या गाळणीत, बहुधा तिथल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये. तरीही न थांबल्यास घरातील ५० हर्ट्‌झची वीज इनपुटच्या उघड्या तारेत शिरते आहे. तिथे जाळीदार आवरणाची आखूड तार वापरून आवरण ऋण तारेला जोडावे.