उंबरठ्याबाहेरची मनीमाऊ

परीक्षा संपून सुट्टी लागली की घराघरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते, "आमचा मुलगा पुस्तकाला म्हणून हात लावत नाही हो!" आणि तोच मुलगा एखाद्या दुपारी जाडजूड इंग्रजी कादंबरी घेऊन कोपऱ्यात बसला, तर दुसरी तक्रार तयारच असते, "एवढा मोठा घोडा झालास आणि मांजरांच्या गोष्टी कसल्या वाचतोस?"

मैत्रिणींनो, ही दुसरी तक्रार करण्याआधी जरा थांबायला हवं. ज्या कादंबऱ्यांत मांजरंच नायक, मांजरंच खलनायक आणि मांजरंच राज्यकर्ती असतात, अशा अद्भुत साहसकथांचं एक मोठं दालन इंग्रजीत आहे. आपल्या शहरांतल्या मुलांच्या हाती ती पुस्तकं शाळेच्या वाचनालयातून, मित्रमैत्रिणींकडून येऊन पोचली आहेत. ती बाळगोष्टींची पुस्तकं नव्हेत. त्यांत घर सोडणं आहे, निष्ठा आहे, विश्वासघात आहे, मरणही आहे. आपलं मूल ज्या जगात तासन्‌तास रमतं, ते जग आपल्याला थोडं तरी ठाऊक नको का?

आपल्याकडची मांजरं

मांजराची गोष्ट आपल्याला काही नवी नाही. पंचतंत्रातला दधिकर्ण आठवतो ना? तपस्व्याचं सोंग घेऊन तो न्यायनिवाडा करायला बसतो. ऐकू येत नाही असं सांगून ससा आणि कपिंजल पक्षी या दोघांनाही जवळ बोलावतो आणि दोघांचाही फडशा पाडतो. महाभारताच्या शांतिपर्वात लोमश नावाचा बोका पारध्याच्या जाळ्यात सापडतो. घुबड आणि मुंगूस टपून बसलेले पाहून पलित नावाचा उंदीर त्या बोक्याशीच तह करतो. पण जाळं कुरतडतो ते मात्र पारधी अगदी जवळ आल्यावर, म्हणजे सुटलेल्या बोक्याला उंदराकडे बघायला फुरसतच राहू नये!

या गोष्टी नीती शिकवतात. त्यांत मांजर म्हणजे एक स्वभाव: ढोंगी, धूर्त, गरजवंत. त्या मांजराला रात्री एकटं वाटतं का, आईची आठवण येते का, हे तिथे कोणी विचारत नाही. नव्या कादंबऱ्या नेमकं तेच विचारतात. त्या जग दाखवतात ते मांजराच्या उंचीवरून. तिथे माणूस म्हणजे नुसते दोन मोठे पाय, मोटार म्हणजे गुरगुरणारा राक्षस आणि वास म्हणजे वर्तमानपत्र!

रस्त्यावरची पहिली शिकवणी

पॉल गॅलिको या लेखकाची 'जेनी' ही कादंबरी १९५० सालची. लंडनमधल्या पीटर नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला मांजराचं भारी वेड, पण सांभाळणाऱ्या बाईला मांजर खपत नाही आणि आई सदा बाहेर. एका पिल्लाला धरायला धावताना त्याला ट्रकची धडक बसते, आणि शुद्धीवर येतो तो पांढरं मांजर होऊन. बिचारा रस्त्यावर फेकला जातो. तिथे त्याला जेनी नावाची भटकी मांजर भेटते. अंग कसं चाटायचं, उंदीर कसा धरायचा, गोंधळ उडाला तर आधी शांतपणे स्वतःला साफ करत कसं बसायचं, असे सगळे धडे ती त्याला देते.

जेनी स्वतः पूर्वी घरातली लाडकी होती. घरच्या माणसांनी बिऱ्हाड हलवलं आणि ही मागे राहिली. तेव्हापासून माणसांवरचा तिचा विश्वासच उडाला. आपल्याकडे बदली झाली की ट्रकात कपाटं चढतात, कुंड्या चढतात, आणि वाड्यातलं मांजर मात्र जिन्यावर बसून राहतं, हे दृश्य काही आपल्याला अनोळखी नाही.

शेपटीचा पाठलाग

मोठ्यांसाठी लिहिलेली अशी कादंबरी म्हणजे टॅड विल्यम्स यांची १९८५ सालची 'टेलचेझर्स साँग'. फ्रिटी टेलचेझर या तांबूस बोक्याची मैत्रीण हशपॅड एकाएकी नाहीशी होते आणि तो तिच्या शोधात निघतो. या जगातल्या मांजरांना स्वतःचं पुराण आहे, आद्य माता आहे, जमिनीखाली दडून बसलेला दुष्ट पूर्वज आहे. प्रत्येक मांजराला तीन नावं असतात आणि त्यांतलं शेवटचं ज्याचं त्यानेच शोधायचं.

शेवट सांगून टाकते, कारण खरी गंमत तिथेच आहे. एवढी संकटं सोसून नायक पोचतो, तर हशपॅड एका माणसाच्या घरी मजेत राहते आहे! उबेत, पोटभर खाऊन, अगदी समाधानी. नायक तिच्यावर रागावत नाही, पण तिथे राहतही नाही. आपल्या वाटेने निघून जातो. घर हवंसं वाटणं हा गुन्हा नाही आणि नकोसं वाटणं हाही नाही, एवढं त्यातून उमगतं.

चार टोळ्यांचं जंगल

पण मुलांना खरं वेड लावलं ते 'वॉरियर्स' या मालिकेने. तिचा पहिला भाग 'इन्टू द वाइल्ड' २००३ साली आला. मुखपृष्ठावर एरिन हंटर असं नाव आहे, पण अशी कोणी एक लेखिका नाहीच! केट केरी, चेरिथ बाल्ड्री, व्हिक्टोरिया होम्स यांनी मिळून घेतलेलं ते टोपणनाव. पुढे आणखीही लेखक त्यात आले.

रस्टी हा घरात वाढलेला तांबडा बोका. वाटीत आयतं खाणं, गळ्यात पट्टा, कुंपणापलीकडे जंगल. एके दिवशी तो कुंपण ओलांडतो. जंगलात मांजरांच्या चार टोळ्या आहेत: गर्जनेची, नदीची, वाऱ्याची आणि सावलीची. गर्जनेच्या टोळीची नायिका ब्लूस्टार त्याला आपल्यात घेते. तिथे पहिल्याच झटापटीत त्याच्या गळ्यातला पट्टा तुटतो, आणि उन्हात ज्वाळेसारखी चमकणारी त्याची कातडी पाहून त्याला फायरपॉ हे नवं नाव मिळतं. पिल्लू, शिकाऊ, लढवय्या अशा पायऱ्या चढत तो पुढे जातो आणि प्रत्येक पायरीला नाव बदलत जातं.

टोळीचे नियम कडक. शिकार आणली की आधी म्हाताऱ्यांना, आया आणि पिल्लांना, मग इतरांनी खायचं. आमच्या वर्गात डबा खाताना आधी कोणाला द्यायचं यावर मुलं हाच नियम सांगू लागली, तेव्हा हसूही आलं आणि बरंही वाटलं. टोळीत एक वैद्यही असते. जखमेवर कोळ्याचं जाळं, दुखण्यावर खसखस, अशी तिची औषधं. पिल्लं झालेली मांजर काही काळ बाळंतिणींच्या गोठात राहते आणि पिल्लं मोठी झाली की पुन्हा शिकारीच्या, पहाऱ्याच्या कामावर जाऊ शकते. सोय चांगली आहे की नाही?

पण सगळंच सोयीचं नाही. ब्लूस्टारची कहाणी 'ब्लूस्टार्स प्रॉफेसी' या २००९ सालच्या पुस्तकात सविस्तर येते. टोळीची धुरा एका क्रूर बोक्याच्या हाती जाऊ नये म्हणून तिला पुढे यायचं असतं, आणि कडेवर पिल्लं असताना ते जमणार नसतं. ती आपली तीन पिल्लं थंडीच्या रात्री बर्फातून नेऊन दुसऱ्या टोळीत, त्यांच्या बापाच्या हवाली करते. त्यातलं एक वाटेतच मरतं. उरलेली दोघं मोठी होतात, पण आपली आई कोण हे त्यांना कितीतरी वर्षं ठाऊक नसतं.

तिने बरोबर केलं की चूक? पुस्तक निकाल देत नाही. नोकरीची ऑर्डर हातात आणि तापाने फणफणलेलं मूल मांडीवर, अशी वेळ ज्या बाईवर आली असेल, तिला हा प्रश्न मांजराचा वाटणार नाही.

पंख फुटलेली पिल्लं

लहानांसाठी उर्सुला ल गुइन यांचं 'कॅटविंग्ज' हे १९८८ सालचं छोटंसं पुस्तक आहे. एका गलिच्छ गल्लीत जेन टॅबी नावाच्या साध्या मांजरीला चार पिल्लं होतात आणि चौघांनाही पंख! असं का झालं ते तिला सांगता येत नाही. एवढंच आठवतं, की त्यांच्या जन्माआधी या वस्तीतून उडून जाण्याचं स्वप्न तिला पडलं होतं. वस्ती दिवसेंदिवस धोक्याची होत चालल्यावर ती पिल्लांना जवळ घेऊन सांगते, आता तुम्ही निघा. ती स्वतः मागे राहते. रडारड नाही, उपकाराची भाषा नाही. वसतिगृहात मुलीला पोचवून परत येणाऱ्या आईने हे पुस्तक जरूर वाचावं. अर्ध्या तासात होतं.

दिल्लीची मांजरं

आणि आता आपल्या देशातली गोष्ट. निलांजना रॉय यांची 'द वाइल्डिंग्ज' ही कादंबरी २०१२ साली प्रसिद्ध झाली. २०१३ चं शक्ती भट्ट प्रथम पुस्तक पारितोषिकही तिला मिळालं. ती घडते दिल्लीच्या निजामुद्दीन वस्तीत. गच्च्या, गल्ल्या, दर्गा, घारी, मुंगूस असा सगळा परिसर ओळखीचा. ही मांजरं मिशांच्या द्वारे एकमेकांशी दुरूनच बोलतात.

वस्तीत एके दिवशी एक अनोळखी आवाज घुमू लागतो. तो आवाज मारा या घरात पाळलेल्या नारिंगी पिल्लाचा. तिची दूरवर संदेश धाडण्याची ताकद इतकी मोठी, की सगळी वस्ती हादरते. बेराल ही तरबेज मांजर तिला ठार करायला म्हणून जाते आणि इवलंसं पिल्लू पाहून तिची शिक्षिका होऊन बसते. माराला बाहेरच्या जगाची भीती वाटते. ती घराबाहेर पाऊल टाकत नाही. पण मनाने ती थेट प्राणिसंग्रहालयातल्या वाघांशी गप्पा मारून येते! पुढे एका बंद घरातल्या हिंस्र मांजरांची टोळी बाहेर पडते, तेव्हा वस्तीला याच घरकोंबड्या पिल्लाची मदत होते. 'द हंड्रेड नेम्स ऑफ डार्कनेस' हा पुढचा भाग २०१३ साली आला.

उंबरठ्याच्या आतल्या जिवालाही बाहेरच्या जगात काही करता येतं, हे यात कुठेही उपदेश न करता आलं आहे. कदाचित म्हणूनच मला हे पुस्तक सगळ्यांत जवळचं वाटलं.

मुलांच्या हाती देताना

सहा-सात वर्षांच्या मुलांना 'कॅटविंग्ज' आपण वाचून दाखवावं. चित्रंही सुरेख आहेत. नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी एस. एफ. सैद यांचं 'वारजॅक पॉ' हे २००३ सालचं पुस्तक आहे. त्यातला छोटा बोका स्वप्नात भेटणाऱ्या पूर्वजाकडून सात विद्या शिकतो. 'वॉरियर्स' दहा-अकरा वर्षांनंतर बरी. त्यात मारामारी, रक्त, मृत्यू भरपूर आहे. पुढच्या एका भागात तर आईच आपल्या अत्याचारी मुलाला विषारी फळं खाऊ घालते. हळव्या मुलाने ते एकट्याने वाचण्यापेक्षा आपण बरोबर असावं. 'द वाइल्डिंग्ज' बारा-तेराच्या पुढे, आणि 'टेलचेझर्स साँग' आपल्यासाठी आणि कॉलेजात जाणाऱ्यांसाठी.

इंग्रजी अवघड वाटलं तर संकोच नको. मुलालाच सांगावं, रोज रात्री जेवणानंतर एक प्रकरण मराठीत सांग. माझ्या ओळखीच्या दोन-तीन घरी हा प्रयोग झाला. मुलांचं मराठी सुधारलं, आणि आजीही "मग त्या ब्लूस्टारचं पुढे काय झालं?" असं विचारू लागल्या.

एक सूचना मात्र हवीच. ही पुस्तकं वाचली की मुलं रस्त्यावरचं पिल्लू उचलून घरी आणतात. आणलं तर पूर्ण जबाबदारीने सांभाळावं. आधी पशुवैद्याला दाखवून लस टोचून घ्यावी. आईपासून तुटलेल्या अगदी लहान पिल्लाला काय पाजायचं हेही त्यांनाच विचारावं. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना गाईम्हशीचं दूध पचत नाही, जुलाब होतात. कांदा-लसूण घातलेलं अन्न आणि लिलीची फुलं मांजराला विषारी. माणसांची तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही देऊ नये, मांजर दगावतं. गोष्टीतल्या झाडपाल्याचे प्रयोगही पुस्तकातच राहू द्यावेत.

पुस्तक वाचून झालं, की मुलाला एकच प्रश्न विचारून पाहा: "तू कोण झाला असतास? रस्टी, मारा की हशपॅड?" उत्तर ऐकून घ्या, लगेच सुधारायला जाऊ नका. आणि तोच प्रश्न त्याने आपल्याला उलट विचारला, तर "मला स्वयंपाक पडलाय" असं म्हणून उठू नका. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत विचार करायला वेळ असतोच की!